छप्पन अंशांची दुपार

३० मे २०२४. नवतपा, मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागला आहे. नागपूरच्या रामदासपेठेतून उत्तर अंबाझरी मार्गाला लागलात की पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं शेत येतं. चोवीस हेक्टर मोकळी जमीन, चहूबाजूंनी शहर. भर दुपारी तुम्ही त्या शेताच्या कुंपणाशी उभे आहात. आत हवामान खात्याचं स्वयंचलित यंत्र आहे आणि आज ते ५६ अंश सेल्सिअस नोंदवणार आहे.

या आकड्याची बातमी देशभर जाईल. पृथ्वीवरचा आजवरचा मान्यताप्राप्त उच्चांक ५६.७ अंशांचा, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदलेला. म्हणजे रामदासपेठ डेथ व्हॅलीच्या उंबरठ्यावर पोचली. सोनेगावचं यंत्र ५४ सांगेल. खापरीजवळच्या कापूस संशोधन संस्थेतलं आणि रामटेकचं यंत्र मात्र ४४ च्या आसपास राहील. मग हवामान खातं खुलासा करेल की संवेदक बिघडला होता, ५६ खरं नाही.

कुंपणाच्या अलीकडे, त्याच उन्हात, आणखी एक यंत्र उभं आहे. ते तुम्ही. तुमचं शरीरही तापमान मोजतंय, आणि त्याला एका संवेदकावर विसंबून चालत नाही. त्वचेत उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं आहेत, मज्जारज्जूत आहेत, पोटातल्या अवयवांजवळ आहेत, आणि खुद्द मेंदूच्या तळाशी, बदामाएवढ्या हायपोथॅलॅमसमध्ये, स्वतःतून वाहणाऱ्या रक्ताची ऊब जोखणाऱ्या पेशी आहेत. हायपोथॅलॅमस या सगळ्यांचं ऐकतो. त्वचा ओरडतेय, पण पोटातलं रक्त अजून ३७ अंशांवरच आहे, हे तो ताडून पाहतो आणि मगच किती हालचाल करायची ते ठरवतो.

त्वचेतल्या त्या टोकांवर प्रथिनांची बारीक दारं असतात. त्यांतलं एक ४३ अंशांच्या आसपास उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये ते शोधलं तेव्हा त्यांच्या हाती मिरचीतला तिखट रेणू होता, कारण तोही हेच दार उघडतो. या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. सावजीचा रस्सा खाताना नागपूरकराच्या कपाळावर जो घाम फुटतो तो या दारामुळे. मेंदूला खरोखरच वाटतं की अंग भाजतंय.

आत्ता या कुंपणाशी भाजतंच आहे. तुमच्या त्वचेचं तापमान ३५ च्या जवळपास आणि हवा ४४. एरवी शरीर आपली जास्तीची ऊब हवेला देऊन मोकळं होतं. हवा अंगापेक्षा तापली की ही देवाणघेवाण उलटी होते. हवा तुम्हाला तापवते, डांबर तापवतं, मागची भिंत तापवते, आणि आतून तुमचे स्वतःचे अवयव नुसतं उभं राहण्यासाठीही शंभरेक वॅटच्या दिव्याइतकी उष्णता निर्माण करत राहतात. बाहेर जायचा एकच रस्ता उरतो: पाण्याची वाफ.

समजा संवेदक बिघडलेला नव्हता. समजा ५६ खरे होते. तुम्ही जगला असता का?

याचं उत्तर देणारी माणसं अडीचशे वर्षांमागे आहेत. चला.

एप्रिल १७७५, लंडन. जॉर्ज फोर्डाइस या डॉक्टरने प्रयोगासाठी खोली तापवून घेतली आहे, आणि चार्ल्स ब्लॅग्डेन हा तरुण डॉक्टर अंगात कोट तसाच ठेवून तिच्यात शिरतोय. तुम्हीही त्याच्या मागोमाग शिरा. आतली हवा १२७ अंश सेल्सिअस, उकळत्या पाण्याहून तापलेली. खिशातल्या घड्याळाची साखळी हाताला चटका देते. टेबलावर पत्र्याच्या ताटलीत ठेवलेली अंडी वीस मिनिटांत कडक होतात. मांसाचा तुकडा शिजून वातड होतो. सोबत टोपलीत एक कुत्रा आहे, जमिनीने त्याचे पाय पोळू नयेत म्हणून टोपली. अंडं शिजतं, मांस शिजतं, आणि त्याच हवेत ब्लॅग्डेन सात-आठ मिनिटं उभा राहून चालत बाहेर येतो. कुत्राही जिवंत बाहेर येतो.

माझ्या मते त्या खोलीतला सगळ्यात मोलाचा प्रयोग मात्र अंड्याचा किंवा कुत्र्याचा नव्हता, तो दोन भांड्यांचा होता. उघड्या भांड्यातलं पाणी त्या भयंकर हवेतही उकळेना. पाण्यावर तेलाचा पातळ थर दिला, वाफ कोंडली, आणि पाणी उकळलं. जिवंत माणूस आणि मेलेलं मांस यांच्यातला फरक ब्लॅग्डेनला तिथे दिसला. माणूस हा पाझरणारा माठ आहे. पाझर चालू आहे आणि पाझरलेलं पाणी हवेला शोषून घेता येतंय, तोवर आतलं थंड राहील.

म्हणून मे महिन्यातल्या नागपूरला केवळ आकड्यावरून घाबरणं चुकीचं, आणि केवळ आकडा कमी झाला म्हणून जूनमध्ये निर्धास्त होणं त्याहून चुकीचं. मे महिन्याची हवा कोरडी असते, घाम फुटताक्षणी वाळतो, अंगावर मिठाचे पांढरे डाग तेवढे राहतात. पावसाच्या तोंडावर पारा ३८ वर येतो, पण हवेत बाष्प भरलेलं असतं, घाम निथळत राहतो आणि वाळत नाही. नुसता निथळलेला घाम शरीराला काही देत नाही, त्यात गेलेलं पाणी वाया जातं. एक लिटर घाम तासाभरात पूर्ण वाळला तर सुमारे ६७० वॅट उष्णता घेऊन जातो. एवढी ताकद कुठल्याही औषधात नाही.

पण हा लिटरभर घाम येतो कुठून? त्वचेत वीस ते चाळीस लाख घामग्रंथी आहेत, त्यांच्याकडे साठा काहीच नाही. त्या रक्तातलं पाणी घेतात. एकदा का प्रश्न रक्तावर आला की तो एकट्या त्वचेचा राहत नाही. ब्लॅग्डेनच्या खोलीत याचं उत्तर मिळणार नाही, तो आठ मिनिटांत बाहेर पडला. त्यासाठी दिवसभर उन्हात राबणारं शरीर हवं. परत नागपूरला या, पण २०२४ मध्ये नको.

२६ मे १९५४. हाही नवतपाच. नागपूर अजून मध्य प्रदेशाची राजधानी आहे. रामदासपेठेतली दवाखान्यांची रांग अजून उभी राहायची आहे. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागल्यात, घरातली पोरं पाळीपाळीने त्यांच्यावर पाणी मारताहेत. आज पारा ४७.८ वर जाईल, आणि हा उच्चांक जवळजवळ साठ वर्षं टिकेल. २३ मे २०१३ रोजी ४७.९ नोंदले जातील तेव्हा तो मोडेल.

या वेळी तुम्ही पाहुणे नाही. तुम्ही सायकलरिक्षा ओढताय. डोक्याला आणि कानांना दुपट्टा घट्ट गुंडाळलेला, खिशात कांदा. कांद्याने ऊन लागत नाही असं घरी सांगतात. त्याने अंगाचं तापमान उतरत नाही, पण ओझंही होत नाही, राहू द्या. दुपट्ट्याचं मात्र खरं आहे. तो उन्हाचा थेट मारा अडवतो आणि ओला केला तर घामाचं काम स्वतः करतो, शरीरातलं पाणी न वापरता. स्टेशनवरून सवारी घेतली आहे, सीताबर्डीवरून रामदासपेठेकडे निघालात.

पहिला चढ लागला की मांड्या रक्त मागतात. स्नायूंना प्राणवायू हवा, साखर हवी. फुप्फुसांचा भाता वेगाने चालतो. नाकातून आत जाणारी ४७ अंशांची कोरडी हवा फुप्फुसाच्या कोवळ्या पडद्यापर्यंत तशी पोचत नाही. नाक आणि घसा तिला वाटेतच ओलं करतात, आणि त्यासाठी आणखी थोडं पाणी खर्ची पडतं. पायडल मारताना स्नायूंच्या इंधनातला जेमतेम चौथा हिस्सा चाकाला मिळतो. उरलेल्याची उष्णता होते आणि ती रक्तात मिसळते.

आता त्वचाही रक्त मागते. विश्रांतीत त्वचेकडे मिनिटाला अर्धा लिटरसुद्धा रक्त जात नाही. कडक उन्हात हे प्रमाण सहा ते आठ लिटरवर जाऊ शकतं. अंगात एकूण रक्त आहे पाच लिटर. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा, पळत, आतली ऊब उचलून त्वचेपर्यंत आणायची, तिथे घामाच्या वाफेवर सोडायची आणि परत आत जायचं. हे सगळं हृदयाच्या जिवावर. छातीत ठोके मिनिटाला दीडशेच्या घरात गेलेत.

मांड्यांना हवं, त्वचेला हवं, मेंदूला तर कधीच कमी करून चालत नाही. मग कोणाचं कमी करायचं? चेतासंस्था आतड्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या आवळते. एरवी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा भाग एकट्या मूत्रपिंडांकडे जातो. आज त्यांनी कमीत भागवायचं आहे. आतड्यांनीही. शाळेच्या पुस्तकात पचनसंस्था एका धड्यात, रक्ताभिसरण दुसऱ्यात, उत्सर्जन तिसऱ्यात. मुलं त्यांच्या आकृत्या सुबक काढतात, नावं पाठ करतात, आणि या सगळ्या संस्था एकाच पाच लिटरांवर जगतात हे कुणी त्यांना सांगत नाही. मला ही फार मोठी उणीव वाटते. शरीराचं सहकार्य म्हणतात ते हेच: कुणी कधी किती सोसायचं याची क्षणाक्षणाला होणारी वाटणी.

मूत्रपिंडं तक्रार करून थांबत नाहीत. रक्त कमी आलं हे कळताच ती रेनिन सोडतात. त्यावरून एक साखळी चालू होते, तिच्यात यकृताने बनवलेलं प्रथिन लागतं, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला विकर लागतो, आणि शेवटी मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडतात. त्याचा निरोप एकच: मीठ सोडू नका. मूत्रपिंडं मीठ राखतात. आणि तोच निरोप घामग्रंथींनाही पोचतो, त्या घाम बाहेर टाकण्याआधी नळीतच त्यातलं मीठ परत ओढून घेतात. मीठ राखलं की पाणी राखलं जातं. तिकडे हायपोथॅलॅमसला रक्त दाट झाल्याचं कळलेलं असतं. तो व्हॅसोप्रेसिन सोडायला लावतो, लघवी गर्द पिवळी आणि थोडी होते, आणि तुमच्या घशाला कोरड पडते. तहान घशात जाणवते, पण ती लागते मेंदूत.

तुम्ही होळीपासून हे ऊन अंगावर घेताय, याचा आज उपयोग होतो. रोज उन्हात राबणारं शरीर एक-दोन आठवड्यांत बदलतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, भरपूर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. त्याच कामाला हृदयाला कमी ठोके पुरतात. २०२४ मध्ये गारेगार कचेरीत बसणाऱ्याच्या अंगात हा बदल होत नाही, आणि झाला तरी काही आठवडे उन्हापासून दूर राहिलं की जातो. तो माणूस लग्नाच्या वरातीत भर दुपारी दोन तास नाचला तर तुमच्या आधी पडेल.

वाटेत पाणपोई दिसते. रांजणांना ओली फडकी, वर गवताचं छप्पर. तुम्ही रिक्षा लावता.

“काहून थांबला बे?” सवारी विचारते.

पाणपोईवरचा म्हातारा तिच्याकडे बघतही नाही. “बसा जी,” तो तुम्हाला म्हणतो. “घटाघटा नोका पिऊ. पयले तोंडावर पाणी मारा.”

ओगराळ्यातून ओंजळीत धार पडते. चार घोट गेले आणि तहान शमल्यासारखी वाटते. पाणी अजून पोटातच आहे, रक्तात पोचायला त्याला दहा-वीस मिनिटं लागतील, पण घशाने आणि पोटाने मेंदूला आगाऊ कळवलंय की पाणी आलं, आणि मेंदूने तहान उतरवली. ही व्यवस्था चांगली आहे, नाहीतर माणूस पाणी रक्तात पोचेपर्यंत पीतच राहिला असता. पण भर उन्हात ती अपुरी पडते. जितकं गेलं त्याच्या निम्मं भरून निघालं की समाधान वाटतं आणि माणूस उठतो. म्हणून तहान नसतानाही थोड्या वेळाने पुन्हा प्यायला हवं. उतारवयात तर तहान लागतेच कमी, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात पेला नेऊन द्यावा लागतो. त्यांतले कोणी लघवी वाढवणारी किंवा हृदयाची गती धरून ठेवणारी गोळी घेत असतील तर उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोललेलं बरं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. पण त्या गोळीने या वाटणीतला एक गडी बांधलेला असतो, हे डॉक्टरांना माहीत असतं आणि घरच्यांना नसतं.

पाणी आतड्यातून रक्तात जातं कसं, हे १९५४ मध्ये कोणालाच नीट ठाऊक नाही. त्यासाठी क्षणभर ऑगस्ट १९६० च्या प्रागमध्ये डोकावा. रॉबर्ट क्रेन हा शास्त्रज्ञ एका परिषदेत सांगतोय की आतड्याच्या पेशीत साखर आणि सोडियम जोडीने शिरतात, एकाच दाराने. त्यांच्या मागून पाणी जातं. तिथून १९७१ च्या बनगावला या. बांगलादेशच्या युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आहे, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलंय, आणि दिलीप महालनबीस हे डॉक्टर मीठ, साखर आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून ते लोकांना पाजताहेत. सलाइनवाचून शेकड्याला तीसेक माणसं मरत होती, ते प्रमाण चारच्या आत आलं. आतड्यातलं ते जोडदार जगातल्या कोट्यवधी मुलांचा जीव वाचवून गेलं.

आणि तुम्ही आज सकाळी घरून निघताना मीठ घातलेली ज्वारीची आंबील पिऊन आलात. ज्वारीच्या पिठाची आतड्यात साखर होते, सोबत मीठ आहे, पाणी आहे. कैरीच्या पन्ह्यात गूळ आणि मीठ. ज्या बाईने ही आंबील रांधली तिला क्रेनचं नाव कधी कळणार नाही, पण तिच्या हातचं प्रमाण त्याच दाराच्या मापाचं आहे.

सवारी उतरवली. खरं म्हणजे आता थांबायला हवं. पण दुसरी सवारी समोर उभी आहे, आणि नवतप्यात रस्ते ओस पडतात, सवाऱ्या मिळत नाहीत. तुम्ही नाही म्हणत नाही.

पुढच्या तासाभरात काय होतं ते सावकाश पाहा, कारण उष्माघात एका क्षणात होतो असं लोकांना वाटतं.

लिटरामागून लिटर घाम गेलाय, पाणी तेवढं आलेलं नाही. रक्ताचं आकारमान घटलं. मानेतल्या मोठ्या रोहिणीच्या भिंतीत दाब मोजणाऱ्या चेता आहेत. त्या कळवतात की दाब उतरतोय. इथे शरीरापुढे असा प्रसंग उभा राहतो ज्यात दोन्ही बाजूंनी नुकसान आहे. त्वचेच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवल्या तर अंग थंड राहील, पण दाब पडेल आणि मेंदूला रक्त कमी मिळेल. आवळल्या तर दाब टिकेल, पण उष्णता आत कोंडेल. शरीर दाब निवडतं. मेंदूला रक्त आत्ता हवं, ताप काही मिनिटं सोसता येईल, असा तो हिशोब. लाखो वर्षं तो बहुतेक वेळा बरोबर ठरला, कारण उन्हात थकलेलं जनावर सावलीत जाऊन बसतं. त्याच्या समोर दुसरी सवारी नसते.

तुम्ही चौकात रिक्षा थांबवून उतरता. पाय थांबले, आणि पोटऱ्यांचे स्नायू जे रक्त वर ढकलत होते तेही थांबलं. रक्त पायांत साचलं. डोळ्यांपुढे अंधारी, आणि भोवळ येऊन तुम्ही आडवे होता. ही भोवळ अजून तारणारीच आहे. आडव्या शरीरात रक्ताला चढ चढावा लागत नाही, मेंदूला ते लगेच मिळतं. या क्षणी कोणी सावलीत नेलं, पाय उंच ठेवले, पाणी मारलं, शुद्धीवर आल्यावर पाजलं, तर तासाभरात तुम्ही उठून बसाल.

नाही नेलं तर आतलं तापमान चाळीसच्या वर जातं. आणि आता आठवा, आतड्यांनी सकाळपासून कमी रक्तावर भागवलंय. त्यांच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, अलीकडे कोट्यवधी जिवाणू, पलीकडे रक्त. उपाशी, तापलेल्या पेशींची ही पकड सुटते. जिवाणूंचं विष रक्तात झिरपतं. ते पहिल्यांदा यकृतात येतं, कारण आतड्यातलं सगळं रक्त आधी यकृतातूनच गाळून पुढे जातं. तिथल्या रखवालदार पेशी शक्य तितकं अडवतात. यकृतही तापलंय, त्यालाही रक्त कमी आहे. विष पुढे सरकतं. रोगप्रतिकारक संस्था त्याला जंतुसंसर्ग समजते आणि सगळीकडे एकदम दाह पेटवते. रक्तवाहिन्यांची अस्तरं सुजतात, जागोजागी बारीक गुठळ्या होतात आणि त्यांत रक्त गोठवणारे घटक संपून गेले की दुसरीकडे रक्तस्राव सुरू होतो. मांड्यांचे स्नायू तापून फुटतात, त्यांतलं लाल प्रथिन मूत्रपिंडांच्या नळ्यांत अडकतं. लघवी तांबडी होते, मग बंद. मेंदू बरळू लागतो. घाम थांबतोच असं नाही, कष्टाने आलेल्या उष्माघातात अंग ओलंही असतं. अंग कोरडं नाही म्हणून उष्माघात नाही, हा समज अजूनही जीव घेतो. ओळखायची खूण एकच धरावी: अंग भट्टीसारखं तापलंय आणि माणूस भानावर नाही.

सकाळपासून ज्या वाटांनी अवयवांनी एकमेकांना सावरलं, त्याच रक्ताच्या आणि निरोपांच्या वाटांनी आता एकाचं दुखणं दुसऱ्याकडे जातंय.

१९५४ मध्ये तुम्हाला मेयो रुग्णालयात नेतील किंवा १९४७ साली सुरू झालेल्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. बर्फ आणतील, ओल्या चादरी लपेटतील, आणि हे अगदी योग्य आहे. पण त्यापुढचं बघायला तुम्हाला आजच्या काळात यावं लागेल. तसंच तापलेलं शरीर घेऊन, रामदासपेठेतल्या एखाद्या अतिदक्षता विभागात.

इथे पहिला अर्धा तास औषधापेक्षा पाण्याचा असतो. बर्फाळ पाण्यात बुडवता आलं तर सर्वांत उत्तम, नाहीतर अंगावर सतत पाणी फवारत पंख्याचा झोत. पाणी आणि झोत, दोन्ही एकत्र हवं. २०१९ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना ४७ अंशांच्या कोरड्या हवेत नुसत्या पंख्यासमोर बसवलं तेव्हा त्यांचं अंग आणखी तापलं, हृदयावर ताण वाढला. ४० अंशांच्या दमट हवेत मात्र त्याच पंख्याने आराम दिला. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या खोलीत बसलेल्या माणसासाठी ही माहिती फार कामाची आहे: पंखा लावायचा तर अंगावर ओला कपडा घेऊन. कोरड्या अंगावर ४७ अंशांचा झोत म्हणजे ब्लॅग्डेनच्या खोलीतला भाता. मांसासमोर भाता चालवला तेव्हा ते तेरा मिनिटांत शिजलं होतं.

तुमचं तापमान ३९ च्या खाली येतं. हाताला सुई, शिरेतून सलाइन, मूत्राशयात नळी आणि तिच्या टोकाला पिशवी. परिचारिका दर तासाला पिशवीतली रेघ बघते, कारण मूत्रपिंडांना पुन्हा रक्त मिळू लागलं की नाही हे सगळ्यात आधी तिथेच दिसतं. पहाटे लघवी उतरते, आधी चहासारखी, मग फिकी. रक्तदाब स्वतःहून टिकतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही डोळे उघडता, नाव सांगता, गाव सांगता, पाणी मागता. नातेवाईक डॉक्टरांना विचारतात की आता घरी न्यायचं का.

डॉक्टर नाही म्हणतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो ती चाचणी पुन्हा पाठवतात आणि यकृताचीही. काल संध्याकाळी यकृताचे आकडे बरेच ठीक होते, पण या आजारात ते लगेच चढत नाहीत. यकृताने त्या दुपारी अडवून धरलेलं विष आणि सोसलेला ताप याचा परिणाम दोन-तीन दिवसांनी कागदावर येतो. म्हणून तिसऱ्या दिवशीही तुमच्या दंडातून रक्त घेतलं जाईल, आणि ते आकडे उतरताना दिसल्यावरच नातेवाइकांना सामान बांधायला सांगतील.